हाडं ठिसूळ निघाली, आता काय? पन्नाशीतल्या बायकांसाठी पहिल्या वर्षाचा हिशोब

रिपोर्टवर 'उणे २.९' दिसलं तेव्हा मी रिक्षात होते आणि डोक्यात एकच, उणे म्हणजे काय, हाडं संपून आता उधारी सुरू झाली की काय. सगळी नोकरी अकाउंट्समध्ये गेलीय त्यामुळे उणे आकडा बघितला की पोटात गोळा येतोच. वय तेव्हा ५२.

खरं तर हे मला वर्षभर आधीच कळायला हवं होतं. ५१ ची असताना जुलैत सोसायटीच्या ओल्या पायरीवर घसरले आणि डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग फिजिओ, संपलं. ज्या हॉस्पिटलमध्ये दाखवलं तिथे कुणी म्हणालं नाही की अहो, एवढ्याशा पडण्यात हाड कसं मोडलं, जरा तपासूया. मीही विचारलं नाही, पावसात लोक पडतातच. पुढे चौदा महिन्यांनी बाथरूममधली बादली उचलताना पाठीत कळ आली ती आठ दिवस जाईना. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "याआधी कधी हाड मोडलंय?" आणि तिथून एक्सरे, डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी), सगळं बाहेर आलं. एक मणका दबलेला होता.

म्हणून आधी एवढं लक्षात ठेवा. उभ्या उंचीवरून पडून, म्हणजे चालता चालता घसरून वगैरे, पन्नाशीच्या आसपास हाड मोडलं तर ते 'नुसतं पडणं' नसतं. प्लास्टर काढायला जाल त्याच दिवशी हाडांच्या तपासणीचं विचारा. तुमच्या आईला, मावशीला, शेजारच्या काकूंना झालं असेल तर त्यांनाही सांगा. पुरुषांनाही होतो हा हाडं ठिसूळ होण्याचा आजार, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, फक्त त्यांच्यात कुणी शोधत नाही.

मी डॉक्टर नाही. औषध कुठलं ते तुमचे डॉक्टर ठरवतील. कुठल्या क्रमाने काय करायचं आणि मी कुठे कुठे माती खाल्ली एवढंच सांगते.

१. रिपोर्ट स्वतः वाचायला शिका

डेक्साच्या कागदावर दोन आकडे असतात, टी-स्कोर आणि झेड-स्कोर. टी-स्कोर म्हणजे ऐन तारुण्यातल्या निरोगी बाईच्या हाडांशी तुमची तुलना. उणे १ पर्यंत ठीक. उणे १ ते उणे २.५ च्या मधे असाल तर ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत. उणे २.५ किंवा त्याच्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. झेड-स्कोर तुमच्याच वयाच्या बायकांशी तुलना करतो, आणि पाळी अजून चालू असेल तर मुख्यतः हाच बघतात.

मणक्याचा, खुब्याचा, कधीकधी हाताचा, असे वेगवेगळे आकडे येतात. माझा मणका उणे २.९ आणि खुबा उणे २.१ होता. मी आपली खुब्याचा आकडा धरून बसले की चला, थोडक्यात वाचलो. तसं नसतं, सगळ्यात वाईट आकडा धरतात. आणि मणका किंवा खुबा जर किरकोळ कारणाने मोडला असेल तर टी-स्कोर उणे २.५ च्या वर असला तरी तो ऑस्टिओपोरोसिसच. उलटपक्षी कमरेच्या मणक्यात झीज झालेली असेल तर तिथला आकडा खोटा चांगला येऊ शकतो, म्हणून एकट्या मणक्यावर विसंबू नका.

इथला सापळा म्हणजे फुकटची शिबिरं. २० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो, त्या सुमारास सोसायट्यांमधून, मंडळांमधून टाचेवर जेल लावून पाच मिनिटांत 'बोन डेन्सिटी' करून देतात. ती सोनोग्राफीसारखी तपासणी असते. त्यात काही आलं तर डेक्सा करून घ्या, पण त्या चिठ्ठीवर औषध सुरू करू नका आणि 'नॉर्मल' आलं म्हणून निवांतही बसू नका. टेबलामागे कॅल्शियमच्या डब्यांची थप्पी लावलेली असेल तर काय ते समजा.

डेक्साला जाताना: आदल्या दिवशी कॅल्शियमची गोळी घेऊ नका, बेरियमचा एक्सरे किंवा इंजेक्शन देऊन केलेला सीटी स्कॅन नुकताच झाला असेल तर आधी सांगा, धातूची चेन किंवा हूक नसलेले कपडे घाला. दुखत काही नाही, पाठीवर झोपायचं आणि वरून एक दांडा सरकतो. रेडिएशन छातीच्या एक्सरेपेक्षाही कमी. मला २,८०० रुपये पडले, चार ठिकाणी फोन केला तर चार भाव ऐकायला मिळाले, त्यामुळे विचारून जा.

२. एक फाईल करा, आजच

हा आजार वर्षानुवर्षं चालणार आणि मधे डॉक्टर बदलणार. बटणाची प्लास्टिक फाईल आणा आणि त्यात:

- डेक्साचा पूर्ण रिपोर्ट, चित्रं आणि आकड्यांच्या तक्त्यासकट. नुसतं 'ऑस्टिओपोरोसिस आहे' लिहिलेलं शेवटचं पान पुरत नाही
- जुने एक्सरे, आधीच्या फ्रॅक्चरचे कागद
- रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, थायरॉइड, पित्त, दमा, काही असेल ते. वैद्याने दिलेल्या पुड्यासुद्धा
- पाळी कधी गेली, गर्भपिशवी काढली असेल तर ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड
- आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, त्याची नोंद
- तरुणपणची उंची, म्हणजे पासपोर्टवर किंवा जुन्या मेडिकलमध्ये असेल ती

डिस्चार्ज कार्डाबद्दल थोडं सविस्तर. आपल्याकडे 'पिशवी काढली' एवढंच बायकांना माहीत असतं. पिशवीसोबत अंडाशयं काढली की ठेवली हे विचारलं तर कितीतरी जणींना सांगता येणार नाही, माझ्या धाकट्या जावेला नव्हतं येत. हाडांसाठी फरक तिथेच पडतो. अंडाशयं गेली की इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम बंद होतं आणि हाडांची झीज लगेच सुरू होते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या गाजल्या ना, त्यात तिशीतल्या बायका होत्या. त्यांच्या हाडांचं पुढे काय होणार हा विचार माझ्या डोक्यात तेव्हा आला नव्हता, आता येतो.

३. का झालं ते शोधा

'वय झालं, पाळी गेली, होणारच' असं म्हणून गोळी लिहून दिली तर तिथेच थांबू नका. पन्नाशीत हाडं एवढी उतरली असतील तर बरेचदा मागे आणखी काही असतं. रक्तात साधारण हे बघतात: कॅल्शियम, फॉस्फरस, व्हिटॅमिन डी, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सीबीसी आणि गरजेप्रमाणे पॅराथायरॉइड हार्मोन वगैरे. मणका दबला असेल तर रक्तातल्या प्रोटीनची एक तपासणीही सांगतात, तिचं नाव इंटरनेटवर टाकून रात्र जागू नका, मी जागलेय.

माझ्या बाबतीत दोन गोष्टी निघाल्या. पाळी ४३ लाच गेली होती. (आपल्याकडे सरासरी ४६-४७ च्या आसपास जाते, ४५ च्या आत गेली तर लवकर म्हणतात. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.) दुसरं म्हणजे थायरॉइडची गोळी. तीन वर्षं टीएसएच न तपासता मी तोच डोस घेत होते, मधे वजन उतरलं होतं, डोस जास्त होत होता, आणि थायरॉइड जास्त झालं की हाडं झिजतात. केमिस्ट ओळखीचा, दर महिन्याला पट्टी मिळत होती, कुणी विचारत नव्हतं.

स्टेरॉइड हे आणखी एक मोठं कारण. दम्यासाठी, संधिवातासाठी पोटातून तीन महिन्यांच्या वर घेतलं असेल तर ठळक सांगा. गुडघेदुखीवर गावाकडून येणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि काळ्या गोळ्यांचंही सांगा, ज्या घेतल्या की दोन दिवसांत जादू होते. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. मिश्री लावायची सवय असेल तर तीही लपवू नका, तंबाखू कुठल्याही रूपात हाडांच्या फायद्याची नाही.

४. डॉक्टर कोणता आणि त्यांना काय विचारायचं

ऑर्थोपेडिक, एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर), ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचे डॉक्टर), स्त्रीरोगतज्ज्ञ, सगळेच हे बघतात. माझं मत असं की हाड मोडलेलं असेल तर आधी ऑर्थो, पण दीर्घकाळच्या औषधासाठी ज्याला प्रश्न विचारलेले चालतात असा. पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा हे महत्त्वाचं.

प्रश्न कागदावर लिहून न्या. माझे होते ते असे: हेच औषध का? किती वर्षं? मधेच बंद केलं तर काय होतं? किडनीला चालेल का? आणि पुढची तपासणी कधी?

'मधेच बंद केलं तर' हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण औषधं त्याबाबतीत सारखी नाहीत. आठवड्याची ॲलेन्ड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाइनमधून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड हाडात साठून राहतं, साधारण गोळीची ५ किंवा सलाइनची ३ वर्षं झाली की काहीजणींना डॉक्टर सुट्टीही देतात. पण दर ६ महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, ते चुकवलं किंवा मनाने थांबवलं तर झीज उसळी मारून येते आणि मणके धडाधड दबू शकतात. ते घेत असाल तर तारीख म्हणजे तारीख. लग्न असो, ट्रिप असो, मुलीचं बाळंतपण असो. थांबवायचंच झालं तर त्याजागी दुसरं औषध सुरू करून थांबवतात. तिसरं टेरिपॅराटाइड, रोज स्वतः टोचायचं पेन, जास्तीत जास्त दोन वर्षं, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, आणि ते संपल्यावर दुसरं औषध घेतलं नाही तर कमावलेलं हाड परत उतरतं. एवढा खर्च करून शेवटचा टप्पा सोडणाऱ्या बायका आहेत, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

पाळी लवकर गेली असेल तर हार्मोनच्या गोळ्यांबद्दलही विचारा, काहीजणींना त्या योग्य असतात.

५. औषधाआधी दातांच्या डॉक्टरकडे

हे मला कळलं तेव्हा वेळ होती म्हणून बरं. ॲलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब या औषधांनी क्वचित, खरंच क्वचित, दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो. त्यामुळे काढायचा दात, इम्प्लांट, काय असेल ते आधी उरकून घ्या. नंतर दातांच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा दरवेळी सांगा की हाडांचं औषध चालू आहे. माझी एक दाढ दोन वर्षं 'बघू' वर होती ती त्या आठवड्यात गेली.

६. गोळी घ्यायची पद्धत

मला आधी आठवड्याची ७० मिलिग्रॅमची ॲलेन्ड्रोनेटची गोळी दिली होती. दिसायला साधी, पण तिचे नियम सासूपेक्षा कडक. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, पूर्ण ग्लासभर साध्या पाण्यासोबत, चहा नाही, दूध नाही, लिंबूपाणी नाही. मग अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. बसा, उभ्या राहा, केर काढा, पण पडायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होते. महिन्याची आयबॅन्ड्रोनेट असेल तर हेच सगळं एक तास.

मी काय केलं? रविवार धरला, सुट्टी म्हणून. गोळी घेतली, एक घोट पाणी, आणि रविवार आहे म्हणून परत पांघरुणात. दुपारपर्यंत छातीत अशी आग पडली की मला हार्टचंच वाटलं, नवऱ्याने गाडी काढली. तेव्हा रविवार धरू नका, ज्या दिवशी झक मारत उठावं लागतं असा वार धरा. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच असते, त्या दिवशी दोन्हींचं कसं करायचं ते डॉक्टरांना विचारा.

मला पित्त आधीपासून, त्यामुळे तीन महिन्यांनी गोळी बंद करून वर्षाचं सलाइन ठरलं, झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम. आधी किडनी, कॅल्शियम आणि डी तपासून घेतात, डी कमी असेल तर ते भरून काढल्यावरच देतात. अर्धा तास लागतो. त्या दिवशी पाणी भरपूर प्या, आणि दुसऱ्या दिवसाची रजा आधीच टाका. मला रात्री ताप, अंग असं मोडून आलं की कूस बदलता येईना, पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवसांत उतरलं. पहिल्या वेळीच असं जास्त होतं, दुसऱ्या वर्षी मी संध्याकाळी स्वयंपाक केला.

एक सापळा नातेवाईकांचा. कुणीतरी गूगल करून फोन करतं, "अगं हे तर कॅन्सरवाल्यांना देतात!" हो, देतात, त्यांची बाटली ४ मिलिग्रॅमची असते आणि वेळापत्रक वेगळं असतं. हाडांसाठी ५ ची, वर्षातून एकदा. एवढं सांगून फोन ठेवा.

औषध चालू असताना मांडीत किंवा जांघेत विनाकारण ठणका लागला तर मात्र 'चालून दुखत असेल' म्हणू नका, लगेच दाखवा.

७. कॅल्शियम आणि डी, आणि त्यातला गोंधळ

पाळी गेल्यावर दिवसाला साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ते आधी ताटातून मोजा. मी दोन आठवडे वहीत लिहिलं. २५० मिली दुधात जवळजवळ ३००. वाटीभर दह्यात पावणेदोनशेच्या आसपास. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे एका भाकरीला पावणेदोनशे. चमचाभर तिळाला शंभर धरा, पण तिळातलं सगळं अंगी लागत नाही. पालकाचंही तेच, कॅल्शियम असतं पण ऑक्झलेट ते सोडत नाही. शेवग्याचा पाला, राजगिरा घ्या, आणि खात असाल तर सुकट, जवळा, काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे. वही बघितल्यावर कळलं की मी ज्याला 'दूध पिते' म्हणत होते ते चार कप चहातलं दूध होतं. सगळं मिळून ग्लासभरसुद्धा नाही.

कमी पडेल तेवढंच गोळीने भरा. पाकिटावर 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ' असं मोठं आणि खाली बारीक अक्षरात 'एलिमेंटल कॅल्शियम ५०० मिग्रॅ' लिहिलेलं असतं. हिशोबात धरायचा तो बारीक अक्षरातला आकडा. कार्बोनेट जेवणासोबत, सायट्रेट केव्हाही. एकावेळी ५०० च्या वर घेऊन उपयोग नाही. थायरॉइडच्या गोळीपासून ४ तास लांब, लोहाच्या गोळीसोबतही नको. मुतखडा झालेला असेल तर आधी सांगा. प्रोटीनकडे पण लक्ष द्या, चातुर्मासात साबुदाण्यावर राहून हाड होत नाही, स्नायू तर नाहीच.

डी माझं ११ निघालं. सकाळी ७:४० ला घर सोडायचं, लोकल, ऑफिस, अंधार पडल्यावर परत, ऊन बघणार कधी? काचेतून येणारं ऊन चालत नाही, काच नेमके लागणारे किरण अडवते. आणि कोवळं ऊन, कोवळं ऊन जे म्हणतात ते बाळांना शेकायला ठीक आहे, डी तयार होतं ते तुमची सावली तुमच्यापेक्षा आखूड असते तेव्हाच्या उन्हात. मी लंच टाइमला ऑफिसच्या गच्चीवर वीस मिनिटं जाते, बाह्या वर करून.

पण आधी भरून काढायला ६०,००० युनिटची पुडी दिली, आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक. इथे हात जोडून सांगते, ही पुडी रोज घ्यायची नसते. माझ्या ट्रेनमधल्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी रोज घेतली, दूधात कालवून, महिनाभर, 'शक्तीची पावडर' म्हणून. रक्तात कॅल्शियम चढलं, उलट्या, भ्रमिष्टासारखं बोलायला लागल्या, ॲडमिट करावं लागलं. केमिस्टकडून पुडी घेतलीत की पेनाने तिच्यावर वार लिहून टाका.

८. हलायचं, पण कसं

निदान झाल्यावर घरच्यांनी मला काचेचं भांडं केलं. उठू नको, वाकू नको, राहू दे. पंधरा दिवस मलाही बरं वाटलं. पण पडून राहिलं की हाड आणखी उतरतं आणि पायातली ताकद गेली की पडण्याची शक्यता वाढते. हाडाला भार लागतो. फक्त चालणं चांगलं पण पुरेसं नाही, पोहणं हृदयाला छान पण हाडावर भार येत नाही. तीन गोष्टी हव्यात: भार, ताकद, तोल.

फिजिओने दिलेलं मी असं बसवलंय: दूध तापायला ठेवलं की ओट्याला दोन बोटं टेकवून टाचा वर-खाली, उतू जाईपर्यंत होतात वीसेक. टीव्ही बघताना जाहिरात लागली की खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठ-बस. दात घासताना एका पायावर उभं राहणं, बेसिन धरायला जवळ हवं. आठवड्यात तीन दिवस एक लिटरच्या भरलेल्या बाटल्या घेऊन हाताचे व्यायाम, आता रबरी पट्टा आणलाय.

मणका दबला असेल तर काय टाळायचं ते नीट ऐका. पाठ गोल करून पुढे वाकणं, आणि वाकून पिळणं. म्हणजे पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातलं हस्तपादासन, पोटासाठी करतात ते सिटअप्स. योगाच्या क्लासला मी सांगितलं तर बाई म्हणाल्या, "हळूहळू करा, योगाने कधी नुकसान होत नाही." होतं. मी क्लास बदलला. ताडासन, भिंतीजवळ वृक्षासन, खुर्ची धरून वीरभद्रासन हे मी करते, पण तुमच्या फिजिओला दाखवून घ्या.

रोजच्या कामात हेच. बादली अर्धीच भरायची आणि गुडघ्यात वाकून उचलायची. सिलेंडर सरकवायचा नाही. नातवाला कडेवर घ्यायचं तर आधी आपण बसायचं, त्याला चढू द्यायचं. नमस्कार करायचा तर कमरेतून न वाकता गुडघे टेकून करते, उलट जास्त आशीर्वाद मिळतो. मंगळागौरीला फुगडी बंद केलीय, झिम्मा चालू आहे. शिंक, खोकला आला तर एक हात कमरेमागे आणि पाठ सरळ, हे ऐकायला विचित्र वाटतं पण दबलेल्या मणक्यावर शिंक काय असते ते माझ्या पाठीला विचारा.

९. घर आणि रस्ता

एका रविवारी घरभर फिरून पडायच्या जागा शोधा. आमच्याकडे निघालेल्या: बाथरूमची गुळगुळीत फरशी, दारातलं कडा वळलेलं पायपुसणं, रात्री बेडपासून संडासपर्यंतचा अंधार, झिजून आरसा झालेली माझी स्लिपर. बाथरूममध्ये भिंतीला दांडा बसवून घेतला. टॉवेलचा दांडा नव्हे, भार सोसणारा, भिंतीत नीट ठोकलेला. प्लंबर म्हणाला, "काकू, एवढ्यात कशाला?" लावून घेतला. पेटीकोट दोन बोटं आखूड केले. आणि दिवाळीच्या साफसफाईला स्टुलावर चढून माळा काढणं आता माझ्या खात्यात नाही, ते मुलाकडे.

लोकलचं सांगायलाच हवं कारण मी डोंबिवलीहून रोज जाते. चौथी सीट घेऊ नका, अर्धं अंग बाहेर आणि कंबर पिळलेली, एक तास. त्यापेक्षा उभं राहिलेलं बरं, दांडा धरून. उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात मधे सापडू नका, एक स्टेशन आधी उठा. चालू गाडीत चढणं बंद. मी आठ मिनिटं उशिराची डोंबिवलीहूनच सुटणारी धरते, बसायला मिळतं. बसमध्ये शेवटची सीट नाही, खड्ड्यात तिथूनच माणूस उडतो. रिक्षातही खड्डा दिसला की हाताने दांडा धरून बूड किंचित उचलायचं, सवय होते. स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून बसणं सोडून दिलं, ड्रेस घालते.

१०. लोकांचं बोलणं

हा आजार दुखत नाही, निदान हाड मोडेपर्यंत तरी. त्यामुळे कुणाला खरा वाटत नाही, खुद्द आपल्यालाही नाही. शुगर असली की लोक चहात साखर घालताना विचारतात, इथे 'दिसतेस तर ठणठणीत' म्हणतात. आणि औषध घेऊनही काही 'बरं वाटत' नाही, कारण वाईट वाटतच नव्हतं. सहा महिन्यांनी बायका औषध सोडतात त्या इथेच. मी उपाय केला तो अगदी कारकुनी, किराण्याच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिते त्याच चौकोनात गोळीचा वार, पुडीची तारीख, सलाइनचा महिना.

हाडजोडीचा रस, प्रवाळ भस्म, म्हशीच्या तुपातलं अमुक, सगळं सुचवून झालं. काही घ्यायचं असेल तर डॉक्टरांना सांगून, आणि औषधाच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नाही.

रडू येतं तेही सांगते. माझी आई शेवटची दहा वर्षं वाकून चालायची, आम्ही म्हणायचो वय झालं. रिपोर्ट हातात आल्यावर मला भीती फ्रॅक्चरची नव्हती, आईच्या पाठीची होती. मुलीला सांगितलं, तेव्हा हलकं झालं. तिला आत्तापासून दूध आणि जिमचं सांगता आलं हा वरचा फायदा, तिशीपर्यंत हाडात जेवढं जमा होतं तेवढीच ठेव.

११. पुढची तपासणी

डेक्सा साधारण वर्ष-दोन वर्षांनी परत करतात, डॉक्टर सांगतील तेव्हा. त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा, वेगळ्या कंपनीच्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आकडा तेवढाच राहिला तरी निराश होऊ नका, उतरणं थांबलं हेही औषधाचंच काम. माझा उणे २.९ चा उणे २.६ झालाय.

आणि घरच्या घरी एक करा, उंची मोजा. आम्ही स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करतो, जिथे मुलांच्या खुणा आहेत त्याच्याच बाजूला. अनवाणी, टाचा आणि पाठ चौकटीला, डोक्यावर आडवं पुस्तक. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त कमी भरली तर मणक्यांचा एक्सरे काढायला सांगा, मणका न दुखताही दबतो. फक्त दरवेळी सकाळीच मोजा. मी एकदा ऑफिसातून आल्यावर मोजली, सेंटिमीटरभर कमी आली आणि सगळं घर डोक्यावर घेतलं. दिवसभरात तेवढी सगळ्यांचीच कमी होते.